आतल्या टोकापासून हातभर

आधी मनोरा खाली.
पूर्ण खाली, खणात खण बसेपर्यंत,
दोरावरचा सगळा भार उतरेपर्यंत.
उभ्या मनोऱ्याच्या दोराला हात लावायचा नाही,
हे मी हॉग्नीला दर ऑगस्टमध्ये सांगतो
आणि तो दर ऑगस्टमध्ये म्हणतो, ठाऊक आहे.

मी रेडिओतला नव्हे.
एकतीस वर्षं ट्रॉलरच्या विंचवर काढली,
उजवा कान गेला, डाव्या हाताचं एक बोट गेलं,
दोर तेवढा कळतो.
बहिणीचा नवरा आकाशाशी बोलतो,
त्याच्या आकाशाची दोरी मी पुसतो.
आमचं नातं एवढंच,
आणि रानवा देते ते सुकवलेलं मटण.

सुदुरॉयच्या या कड्यावर वारा खारट असतो.
मीठ दोरात बाहेरून शिरतं,
दोर मरतो मात्र आतून.
सहा पदर, मधे अंबाडीचा गाभा.
गाभा ओला तोवर दोर जिवंत.
तरुण पोरं वरून जाड ग्रीस थापतात,
वर लोणी, आत गंज.
आधी ब्रश. मग रॉकेलचं फडकं. मग उन्हाची वाट
(इथे ती दुपारभर बघावी लागते).
मग पातळ तेल, थेंब थेंब, पिळाच्या दिशेनं,
गाभ्याला तहान लागलेली असते, तो पितो.
शेवटी लोकरीतलं मेण.
आमच्या बेटावर माणसांहून मेंढ्या जास्त,
त्यांना पावसात जे कोरडं ठेवतं
ते दोरालाही ठेवतं.
वास मात्र हातांना आठवडाभर.

मग सुती चिंधी, दोराभोवती सैल धरून,
सावकाश ओढायची.
बघायचं नाही. ओढायचं.
डोळे फसतात, चिंधी अडकते.

ती अडकली.
आतल्या टोकापासून हातभर,
गुडघ्यावर बसून जाळीत हात घातला तेव्हा:
एक तुटकी तार. मग तीन. मग मोजणं सोडलं.
गळासारख्या बाहेर आलेल्या,
अंगठ्यात घुसलेल्या.

आता ही जागा, हातभर,
मनोरा खाली असताना नुसती लोंबते,
तिला काही काम नसतं.
मनोरा पुरता वर गेला की तीच जागा
कप्पीवर वाकून बसते.
एका वर्षात इतकी झिजायची
तर तिथे रात्रीच्या रात्री बसली असणार,
वाऱ्यात, हिवाळ्यात,
मनोरा उतरवून ठेवावा अशा रात्री.

मी विचारलं, वादळात खाली घेतोस ना?
घेतो की, हॉग्नी म्हणाला. कॉफीत बघत.

रानवानं मला दाराशी गाठून सांगितलं.
चिलीच्या टोकाला एलिसेओ नावाचा माणूस,
दर शुक्रवारी, बावीस वर्षं,
हवामान, गुडघे, नातवंडं,
सगळं टिकटिक टिकटिक.
फेब्रुवारीपासून काही नाही.
तेव्हापासून हा मनोरा खाली घेत नाही, ती म्हणाली,
म्हणतो, उंची कमी पडत असेल.

मी काही बोललो नाही.
दोरानं सांगितलेलं माणसाला परत सांगायचं नसतं.
कापला तो दोर. नवा ओवला,
ड्रमवर तीन वेढे राखून,
टोकाला क्लॅम्प, नट दोनदा आवळून.
हँडल त्याच्या हातात दिलं.
म्हटलं, नवा दोर भार पडला की ताणतो,
महिनाभर रोज खाली घे, रोज बघ,
चिंधी ओढ.

हे खरं अर्धंच आहे.
ताणतो तो, पण रोज बघायची गरज नसते.

आज शुक्रवार.
खिडकीतून दिसतंय, मनोरा वर जातोय,
हँडलची करकर डाव्या कानाला येतेय,
कप्पीला तेल कमी पडलं वाटतं.
उद्या जाईन.
जुन्या दोराचा हातभर तुकडा माझ्या टेबलावर आहे,
सोडून ठेवला तरी
कप्पीएवढाच वाकलेला.